दाराशी आलेला तारपा

गेल्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या स्वागताला तारपा बोलावला होता. पाहुणे मंचावर चढले आणि तारपा थांबवण्यात आला. जेमतेम तीन मिनिटे! मग देशोदेशीच्या लोकसंगीतावर भाषण झाले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा डिजरीडू वादक श्वास न तोडता कसा फुंकत राहतो, हे ऐकून आम्ही टाळ्या पिटल्या.

अहो, तीच विद्या बाहेर चहा पीत बसली होती! वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे लाउनेद्दासही असेच वाजवतात. विरारला डहाणूची लोकल धरली की आपण वारल्यांच्या मुलखात पोचतो. तिथे भातकापणीच्या दिवसांत तारप्याभोवती रात्र रात्र फेर चालतो. चाल बदलली की पावले बदलतात. नाचाची सूत्रे वादकाच्या हाती. त्याला आपण स्वागताची तुतारी केले.

कोणी मला संकुचित म्हणेल. डिजरीडू मलाही आवडतो, तो जरूर ऐकावा. परंतु यंदा भाषणाआधी तारपावादकाला तासभर द्या, आणि खुर्च्या हलवून मैदान मोकळे करा. प्राध्यापकांनीही फेरात यावे.