मरणाच्या दलालांना जरब हवी

जानेवारी २०२२ मध्ये कॅनडा-अमेरिका सीमेवर चोरून अमेरिकेत शिरताना गुजरातमधील चौघांचे कुटुंब बर्फात गोठून मेले. मे २०२५ मध्ये मिनेसोटातील संघीय न्यायालयाने या चोरट्या वाहतुकीच्या सूत्रधाराला १० वर्षे १ महिना, तर चालकाला साडेसहा वर्षे कैद सुनावली. आपल्या १९८३च्या उत्प्रवास कायद्यात मात्र विनापरवाना एजंटाला कमाल २ वर्षे कैद आणि २ हजार रुपये दंड! फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परत पाठवून अमृतसरला उतरवलेल्या १०४ अवैध स्थलांतरितांत महाराष्ट्राचेही तिघे होते. तेव्हा हा प्रश्न पंजाब-गुजरातचाच नाही. महाराष्ट्रातल्या पालकांनी परदेशी नोकरी लावणाऱ्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावीच. पण केंद्राने शिक्षा वाढवावी. फसलेल्यांना बेड्या आणि दलाल मोकाट, हा न्याय नव्हे.