आम्ही उंदीर नाही, पण गैरहजरही राहणार नाही

नैराश्यावरच्या संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत असे पत्रक वडाळा, अँटॉप हिल किंवा शिवडीच्या वस्तीत आले की आपल्यातल्या जागरूक कार्यकर्त्यांचे उत्तर ठरलेले असते : "आम्ही प्रयोगशाळेतले उंदीर नाही." वाक्य स्वाभिमानाचे आहे, टाळ्याही घेते. तरीही या वाक्यावर थांबल्याने आपले नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी त्यामागचे सत्य मान्य करू. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्यात आली. अनेक संमतीपत्रांवर पालकांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले.

एवढे लांब कशाला, शेजारचे परळ घ्या. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. अर्ध्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी झाली. उरलेल्या अर्ध्यांना एकदा आरोग्यशिक्षण मिळाले, तपासणी नाही. तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले आणि जगाला एक स्वस्त तपासणी मिळाली. पण तपासणीने जीव वाचतात हे इतर पद्धतींवरून आधीच ठाऊक असताना अर्ध्या स्त्रियांना तिच्यावाचून का ठेवले, हा प्रश्न डॉक्टरांमधूनच विचारला गेला. उत्तर मिळाले की भारतात तेव्हा अशा तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. म्हणजे व्यवस्थेने गरीब बाईला आधी काही द्यायचे नाही, आणि मग 'काहीच नाही' हाच तुलनेचा मापदंड धरायचा!

तेव्हा आपला संशय रास्त आहे. पण संशय वेगळा आणि बहिष्कार वेगळा. १९२८ साली सायमन कमिशनवर देशभर बहिष्काराची हाक होती. बाबासाहेबांनी मात्र बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले, साक्ष दिली आणि मुंबईच्या प्रांतिक समितीत बसून आपला स्वतंत्र अहवालही लिहिला. कमिशनवर त्यांचा आंधळा विश्वास होता म्हणून नव्हे. जिथे आपल्याबद्दल लिहिले जाते तिथे आपण नसलो तर आपल्या वाट्याचे दुसराच कोणीतरी लिहितो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

नैराश्याच्या बाबतीत आज नेमके तेच चालले आहे. हा आजार मोजायला 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, थकवा आला का, आपण अपयशी आहोत असे वाटले का, असे नऊ प्रश्न. पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या कंत्राटी सफाई कामगार बाईचा थकवा आजाराचा की कामाचा, हे त्या कागदाला कळत नाही. स्वतःबद्दल वाईट वाटते का, हे तो विचारतो. वाईट वाटायला कोणी लावले, हे विचारत नाही. आडनाव ऐकून बदलणारा आवाज, नाकारलेली भाड्याची खोली, 'कोट्यातला' हा टोमणा, यांना त्यात रकाना नाही. रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. रकाना अजून आलेला नाही. आपण बाहेर बसून तो येणारही नाही. जातिनिहाय जनगणना मागणाऱ्यांनी मनाच्या मोजणीकडे पाठ फिरवावी, ही कुठली रणनीती?

निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आहेत, असे त्यात आढळले.

काहीजण म्हणतात, "आमचे दुःख जातीचे आहे, गोळीने जात जाते का?" नाही जात. पण सिलिकोसिस खाणमालकाच्या हलगर्जीमुळे होतो म्हणून आपण फुप्फुसाचा उपचार नाकारतो का? मालकाशी लढायचे आणि फुप्फुसही वाचवायचे. शिवाय प्रत्येक संशोधन गोळीचेच असते असेही नाही. गोव्यात 'संगथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांबरोबर अभ्यास केला. तो २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठका झाल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. अशी माणसे आपल्या विहारांतून का उभी राहू नयेत? गोव्यात ४९५ जणांनी नाव नोंदवले म्हणून एवढे कळले. आपल्या वस्तीत हे चालते का, ते कळायला आपल्यातल्याच कोणाला तरी नाव नोंदवावे लागेल.

मात्र जायचे ते अटी घालून.

१. संमतीपत्र आपल्या भाषेत हवे आणि घरी नेऊन वाचायला मिळाले पाहिजे. तिथल्या तिथे सही नाही, अंगठा तर नाहीच.
२. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक दाखवा.
३. तुलनेच्या गटाला काय मिळणार? चालू गोळ्या बंद करायला लावणार का? रात्री जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले तर फोन कोणाला करायचा?
४. कामाचा खाडा आणि प्रवासखर्च कोण भरून देणार? औषधाच्या चाचणीत इजा झाली तर २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. ती संमतीपत्रात कुठे लिहिली आहे, ते दाखवा.
५. जातीय अपमानाचा अनुभव विचारा, आणि ती माहिती गुप्त ठेवा.
६. निष्कर्ष विहारात येऊन सांगा. उपचार गुणकारी ठरला तर तो वस्तीत कसा राहील, हे आधी सांगा.

अभ्यास कधीही सोडता येतो आणि सोडल्यामुळे रुग्णालयातला नेहमीचा उपचार थांबवता येत नाही, हेही घरोघरी सांगा. ज्याला आज मदत हवी आहे त्याने संशोधनाची वाट पाहू नये. केईएम किंवा सायनची ओपीडी गाठावी, टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करावा.

या प्रश्नांना धड उत्तरे मिळाली नाहीत तर बेलाशक नाही म्हणा. पण ते 'नाही' कागद वाचून, प्रश्न विचारून झाल्यावरचे असावे. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात पँथरची पिढी वावरली. त्या वडाळ्यातल्या विहार समित्यांनी वरचे सहा प्रश्न छापून फलकावर लावावेत. पुढचे पत्रक येईल तेव्हा पहिला प्रश्न आपला असला पाहिजे.

जयभीम!