विशेषांकाची खुर्ची आणि आपली जबाबदारी

काही महिन्यांपूर्वी बोईसरकडचा एक तरुण माकुणसारला आमच्या घरी आला. एका महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर शिकवतो. जयभीम करून त्याने पिशवीतून एक जाडजूड अंक काढला. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली 'विशेषांक' हा ठळक शब्द आणि त्याखाली अतिथी संपादकाचे नाव. तरुण म्हणाला, "वकीलसाहेब, यांच्यावर नोटीस काढायची आहे."

या मुलाने तारापूर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांवर दोन वर्षे काम केले होते. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्यांच्या गेटवर उभे राहून, कामगारांच्या खोल्यांवर जाऊन त्याने माहिती गोळा केली. लेख लिहिला, पाठवला आणि सांगितलेले पैसे भरले. तिसऱ्या दिवशी लेख स्वीकारल्याचे पत्र आले. कोणी एक प्रश्न विचारला नाही, एक दुरुस्ती सुचवली नाही. अंक छापून आला तेव्हा लेखातील तक्ते गळालेले होते आणि शेवटची दोन पाने दुसऱ्याच कोणाच्या लेखाला चिकटली होती. पुढे कायम जागेच्या मुलाखतीत त्याने तो अंक निवड समितीपुढे ठेवला. एका सदस्याने मुखपृष्ठ पाहिले आणि अंक न उघडताच बाजूला सारला.

आम्ही पैशाची पावती मागितली. पावतीवर 'सदस्यत्व शुल्क' असे लिहिलेले! म्हणजे कागदोपत्री त्याने सदस्यत्व विकत घेतले होते आणि ते त्याला मिळालेही होते. लेख तपासून घेण्याचे वचन कुठेच नव्हते. नोटिशीत फारसा दम नाही, हे त्याला सांगताना आम्हाला लाज वाटली. कायद्याच्या कारणाने नव्हे, तर मुखपृष्ठावर बाबासाहेब होते म्हणून.

विशेषांक ही मुळात वाईट गोष्ट नाही. संशोधनाचे नियतकालिक एरवी येतील ते लेख तपासून छापते. विशेषांकात एकच विषय घेतात आणि त्या विषयातला जाणकार अतिथी संपादक म्हणून बोलावतात. लेख मागवणे, ते तज्ज्ञांकडे तपासायला देणे, कच्चे लेख परत करणे, पक्के लेख एका सूत्रात मांडणे हे त्याचे काम. खुर्ची एका अंकापुरती, पण अधिकार मोठा. कोणता प्रश्न 'प्रश्न' म्हणून मानला जाईल आणि त्यावर कोण बोलेल, हे ती खुर्ची ठरवते.

म्हणूनच तिचा बाजार झाला. छापलेल्या लेखांना नेमणुकीत आणि पदोन्नतीत वजन आले, तसे चर्चासत्र भरवायचे, येतील तेवढे निबंध एका अंकात कोंबायचे आणि माणशी पैसे घ्यायचे, असा धंदाच सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्यानंतर 'केअर' नावाची नवी यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी विद्यापीठे व महाविद्यालयांवर टाकली. आता पारखणारे कोण? बहुतेक ठिकाणी तीच मंडळी, ज्यांच्या समित्यांत आपला माणूस शोधून सापडत नाही. आपल्या मुलाचा लेख बाजूला सारायला त्यांना एवढे निमित्त पुरते.

हा रोग फक्त आपल्याकडचा आहे असेही नाही. हिंदावी या प्रकाशनसंस्थेचे आठ हजारांहून अधिक शोधनिबंध २०२३ या एका वर्षात मागे घ्यावे लागले. त्यांतले बहुतेक विशेषांकांतले होते. अतिथी संपादकाच्या खुर्चीवर भलतेच लोक बसले, पैसे घेऊन निबंध बनवणाऱ्या टोळ्या आत शिरल्या. संस्थेचे मालक असलेल्या वायली कंपनीला अखेर ते नावच मोडीत काढावे लागले. गोऱ्यांच्या देशात झाले म्हणून ते पवित्र ठरत नाही आणि बाबासाहेबांचे नाव लावले म्हणून आपलेही पवित्र ठरत नाही.

बाबासाहेबांनी लेख कसा छापला, हे तरी आपण आठवावे. भारतातील जातींवरचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. जाणकारांपुढे तो मांडला आणि मग १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त तो प्रसिद्ध झाला. शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा लेख १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. ज्याला वर्गाबाहेर बसवले होते, त्याने विद्वानांच्या दारात जाऊन सवलत मागितली नाही. माझा युक्तिवाद तपासा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

विशेषांकाची ताकद चळवळीनेही पाहिली आहे. १९६९ च्या 'मराठवाडा' दिवाळी अंकातील चर्चेने दलित साहित्याचा प्रश्न महाराष्ट्रापुढे ठेवला. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 'साधना'ने १५ ऑगस्टचा विशेषांक काढला. त्याच्या संपादनाची जबाबदारी अनिल अवचट यांच्याकडे होती. त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. दुर्गाबाई भागवतांसारख्यांनी आक्षेप घेतला, सभा झाल्या, मोर्चे निघाले आणि नुकतीच जन्मलेली दलित पँथर घराघरात पोहोचली. एका अंकाची खुर्ची मोकळेपणाने वापरली तर काय होते, ते तेव्हा दिसले. परंतु दुसऱ्याच्या घरी आपण पाहुणे असतो, हेही दिसले. म्हणूनच डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालवलेल्या 'अस्मितादर्श'चे मोल मोठे. ते आपले घर होते. तिथे नवख्या लेखकाला जागा मिळाली आणि त्याचे लेखन घडवलेही गेले.

काही बांधव म्हणतील, प्रस्थापितांची नियतकालिके आपल्याला दारात उभे करत नाहीत, मग पैसे भरून छापले तर बिघडले काय? तक्रार खरी आहे. सिद्धान्त मांडायचे ब्राह्मणांनी आणि माहिती गोळा करायची शूद्रांनी, अशी विभागणी समाजशास्त्रांत झाली आहे, असे गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त दाखवून दिले होते. पण विकत घेतलेले पान ही विभागणी मोडत नाही, उलट पक्की करते. आमच्या तरुणाकडे दोन वर्षांची अस्सल माहिती होती. तिच्यातून सिद्धान्त काढायला त्याला भाग पाडणारा एकही प्रश्न त्याला विचारला गेला नाही. त्याची फसवणूक पैशांपेक्षा इथे जास्त झाली.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आपले प्राध्यापक अतिथी संपादक होत असतील तर त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. लेखकाकडून कोणत्याही नावाखाली पैसे घेऊ नयेत. प्रत्येक लेख दोन जाणकारांकडून तपासून घ्यावा आणि त्यांचे शेरे लेखकाला द्यावेत. स्वतःचा लेख स्वतःच्या अंकात पास करू नये, कारण स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ शकत नाही. आणि किती लेख आले, किती नाकारले, हे अंकातच छापावे. हे जमत नसेल तर चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला बाबासाहेबांच्या नावाने विशेषांक काढू नयेत. आपल्या संस्थांनीही वर्षाला असा एकच अंक काढावा, पण तो असा काढावा की कोणत्याही निवड समितीला तो उघडावाच लागेल.

नोटीस आम्ही काढली नाही. त्याऐवजी तो लेख चळवळीतल्या दोन जुन्या प्राध्यापकांकडे पाठवला. आठ दिवसांत तो लाल शाईने भरून परत आला. कंत्राटदार बदलतो तेव्हा कामगाराची जुनी नोकरी कागदावरून कशी पुसली जाते, हे तू का विचारले नाहीस, हा त्यातला पहिलाच प्रश्न. मुलगा आधी खट्टू झाला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तो पुन्हा तारापूरच्या गेटवर उभा होता.