कुस्ती सुटल्यावर पुढे काय?



उसाच्या नोंदी घ्यायला आम्ही शिवारातून फिरतो, तेव्हा सातारा-सांगलीकडे गावागावांत तालीम दिसते. पोरगं तालमीत घालायचं म्हणजे दूध, तूप, बदाम आले. ऊसबिलाचा एखादा हप्ता त्यात सहज जिरतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु पैलवानकी फार तर पस्तिशीपर्यंत. पुढची तीस-चाळीस वर्षं पोरानं काय करायचं, याचा विचार त्याला लंगोट चढवतानाच व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव पाहा. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. खचले नाहीत. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पण नुसत्या पदकावर चूल पेटत नाही. कुस्तीबरोबर त्यांनी शिक्षणही सोडले नव्हते. १९५५ साली ते फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत चढले.

शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. स्वतःची कुस्ती थांबल्यावर कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पैलवानांच्या पिढ्या घडवल्या. वाळवा तालुक्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, तो खेळ सुटला. गडी पोहायला लागला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आला.

ही चिकाटी खुराकातून येत नाही. युरिया आणि पाणी मोकळ्या हातानं दिलेला ऊस दिसतो काळाभोर, पण मुळं वरच्या वर राहतात आणि वारं सुटलं की लोळतो. बेताचं पाणी आणि वेळेवर बांधणी मिळालेला ऊस तग धरतो. पोराचंही तसंच आहे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. पोरगं हरून आलं तर पंचाला शिव्या घालू नका. कुठला डाव चुकला ते त्याच्याच तोंडून काढा. शाळा सोडू देऊ नका. सुट्टीत उसाला पाणी पाजायला, बांधणीला बरोबर न्या. गुडघा गेला तर उद्या कशावर उभं राहायचं, हे त्याला आजच ठाऊक पाहिजे. पोरींनाही हाच न्याय लावा. त्याही आता आखाड्यात उतरू लागल्या आहेत.

गदा घरी आली तर आनंदच आहे. नाही आली तरी पोरगं ताठ उभं राहिलं पाहिजे.