सैनिकाचे कार्ड आणि मतदाराचा हक्क

सरकारनेच दिलेले ओळखपत्र हातात असताना एका माजी सैनिकाला मतदान केंद्रावरून परत पाठविण्यात आले. ही घटना आहे २ मे २०२४ रोजी इंग्लंडमध्ये झालेल्या स्थानिक निवडणुकीची. कार्डावर त्याचे छायाचित्र होते, नाव होते, तो सैन्यात होता याची ग्वाहीही होती. तरीही त्याला मत देता आले नाही, कारण केंद्रावरील अधिकाऱ्यांपुढे ग्राह्य ओळखपत्रांची जी यादी होती, तीत माजी सैनिकांचे हे कार्ड नव्हते. अधिकाऱ्यांना दोष देता येत नाही. यादीबाहेरचा कागद स्वीकारण्याची त्यांना मुभाच नव्हती. दोष होता तो यादी करणाऱ्यांचा.

माजी सैनिकांच्या खात्याचे तेव्हाचे मंत्री जॉनी मर्सर यांनी जाहीर माफी मागितली. त्यांचे म्हणणे असे की, यादी आधी तयार झाली आणि कार्डे मागाहून, म्हणजे २०२४ च्या जानेवारीपासून, मोठ्या प्रमाणावर वाटली जाऊ लागली. खुलासा खरा असेल, पण समाधानकारक नाही. एका खात्याने कार्ड द्यावे आणि दुसऱ्या खात्याने ते ओळखू नये, याला आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात. पुढे सरकार बदलले, यादीत दुरुस्ती झाली आणि २०२५ च्या मे महिन्यातील निवडणुकांपासून माजी सैनिकांचे कार्ड ग्राह्य धरले जाऊ लागले. हे उत्तम झाले. पण प्रश्न एवढ्यावर मिटला असे आम्हांला वाटत नाही.

सैन्यात चालू नोकरीत असलेल्या जवानाचे संरक्षण खात्याचे ओळखपत्र, ज्याला ‘फॉर्म ९०’ म्हणतात, ते पहिल्यापासूनच यादीत होते. नोकरी संपली की ते कार्ड परत करावे लागते. म्हणजे गणवेश अंगावर असेपर्यंत ज्या माणसाची ओळख सरकारला पटत होती, तोच माणूस गणवेश उतरवून आला की अनोळखी ठरत होता! माणूस तोच, चेहरा तोच, मतदार यादीतील नावही तेच. बदलला होता तो केवळ हातातला कागद.

ही सारी यादी आली २०२२ च्या निवडणूक कायद्याने. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये नाव व पत्ता सांगितला की मतपत्रिका मिळत असे. २०२३ च्या मे महिन्यापासून छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले. कारण सांगितले गेले ते तोतया मतदानाचे. तोतयेगिरी हा गुन्हा आहे आणि ती रोखलीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र रोगाच्या मानाने औषध किती कडक असावे, याला काही प्रमाण हवे. निवडणूक आयोगाच्याच नोंदीप्रमाणे २०१९ साली सर्व प्रकारच्या निवडणूक गैरप्रकारांच्या मिळून ५९५ तक्रारी पोलिसांकडे आल्या आणि शिक्षा झाली ती चार प्रकरणांत. उलट २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत सुमारे १४,००० मतदार ओळखपत्राअभावी परत गेले व पुन्हा आले नाहीत. जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत असे सुमारे १६,००० होते. एकूण मतदारांत हे प्रमाण अत्यल्प आहे हे खरे. पण ज्याचे मत गेले त्याला टक्केवारीचे समाधान कसे पुरावे? शिवाय कार्ड नाही म्हणून जे घराबाहेरच पडले नाहीत, त्यांची मोजदाद केंद्राच्या दारात होत नाही.

या कायद्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये छायाचित्राची अट २००३ पासून आहे आणि ती तेथे रुळली आहे. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला मतदार प्रमाणपत्र विनामूल्य मिळण्याची सोय ब्रिटनमध्येही आहे. ओळखपत्र विसरण्याचा प्रमाद तर भल्याभल्यांकडून होतो. ज्यांच्या कारकिर्दीत हा कायदा झाला ते माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन हेच त्या २ मे रोजी ओळखपत्राविना केंद्रावर गेले, परत फिरले आणि ओळखपत्र आणून मत देऊन आले. कायदा सर्वांना सारखा, हे त्यातून दिसले. पण ज्याच्याजवळ कार्ड आहे आणि ते घरी विसरले, त्याची गोष्ट वेगळी. आणि कार्ड हातात असूनही ते चालत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

येथे मायदेशाची आठवण होणे साहजिक आहे. भारतात १९९३ साली, शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, छायाचित्रासह मतदार ओळखपत्र देण्याचे काम सुरू झाले. म्हणजे कार्ड मागणाऱ्या यंत्रणेनेच कार्ड देण्याची जबाबदारी अंगावर घेतली. ते जवळ नसेल तर पारपत्र, वाहन परवाना, सरकारी नोकरीचे ओळखपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे वा पोस्टाचे पासबुक, अशी डझनभर कागदपत्रे चालतात. त्यांत छायाचित्र असलेली निवृत्तिवेतनाची कागदपत्रेही आहेत. साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यातला निवृत्त हवालदार पेन्शनचे कागद दाखवून मत देऊ शकतो. भारतातील निवडणुकांत उणिवा नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. यादीतून नावे गळाल्याच्या तक्रारी दर निवडणुकीत ऐकू येतात. परंतु अट घालणाऱ्याने साधन पुरवावे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. सैनिकाची दाद लागली, कारण सैनिकाच्या मागे लोकांचा आदर उभा होता. मंत्र्याला त्याच दिवशी बोलावे लागले. ज्यांच्या मागे असा आदर नाही त्यांचे काय? साठीच्या पुढल्या लोकांचा लंडनमधील प्रवासाचा ऑयस्टर पास या यादीत पहिल्यापासून होता, पण विद्यार्थ्यांचा तशाच छायाचित्राचा पास नव्हता. विद्यार्थ्यासाठी कोणत्या मंत्र्याने माफी मागितली? मत हे देशसेवेचे बक्षीस नव्हे; ते नागरिकाचे स्वतःचे आहे. सैनिकाचे कार्ड स्वीकारायचे ते त्याच्या शौर्यासाठी नव्हे, तर त्यावरून माणूस ओळखता येतो म्हणून. हीच कसोटी प्रत्येक कार्डाला लावावी. जुलै २०२५ मध्ये सरकारने बँकेचे कार्डही ग्राह्य धरण्याचा विचार जाहीर केला, त्याचे म्हणूनच आम्ही स्वागत करतो.

आता थोडे आपल्या घरचे. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, संसदेच्या निवडणुकीतही मत आहे, ही गोष्ट आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसते. मात्र मतदार यादीत नाव हवे. भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. मुदत संपलेली असली तरी छायाचित्र ओळखू येत असले म्हणजे पुरे. आधार कार्ड किंवा भारतातील मतदार ओळखपत्र मात्र चालत नाही. आपल्या भगिनींनी विशेष दक्षता घ्यावी. लग्नानंतर आपल्याकडे आडनावच काय, मधले नावही बदलते. पासपोर्टावर माहेरचे नाव आणि मतदार यादीत सासरचे, असे असेल तर विवाहाचा दाखला बरोबर न्यावा. विनामूल्य प्रमाणपत्र हवे असल्यास मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी, सायंकाळी पाचपर्यंत अर्ज पोचला पाहिजे.

त्या माजी सैनिकाने मुकाट घरी जाऊन बसण्याऐवजी तक्रार केली, म्हणून यादी बदलली. आपल्यालाही कोणी परत पाठविले तर संकोच न करता कारण विचारावे, दुसरे ओळखपत्र घेऊन पुन्हा जावे आणि घडले ते लेखी कळवावे. परक्या देशात कशाला कटकट, असे म्हणून गप्प बसण्याची आपली सवय जुनी आहे. पण जेथे आपण कर भरतो आणि मुले वाढवतो, तो देश मतदानाच्या दिवशी तरी परका मानू नये.