राखीव दल हवे, ते गावातलेच!

ऑपरेशन सिंदूर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, ६ मे २०२५ रोजी, संरक्षण मंत्रालयाने एक आदेश काढला. प्रादेशिक सेनेतील, म्हणजे टेरिटोरियल आर्मीतील, अधिकारी आणि जवानांना सेवेवर बोलावण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना मिळाला. ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ तैनात करण्यास मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. अतिसंवेदनशील ठिकाणांच्या यादीत आपल्याच पालघर जिल्ह्यातील तारापूर होते. तारापूरच्या दक्षिणेला पसरलेल्या वसई-विरारची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेली होती. या शहरातल्या किती धडधाकट माणसांना संकटकाळी कुठे जमायचे, कोणाचा हुकूम ऐकायचा, हे ठाऊक आहे?

राखीव दलाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४८च्या कायद्याने प्रादेशिक सेना स्थापन झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नोकरी-धंदा सांभाळून वर्षातले ठरावीक दिवस प्रशिक्षण घ्यायचे आणि बोलावणे आले की गणवेश चढवायचा, हे तिचे सूत्र. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या तिच्या बटालियन पुणे आणि कोल्हापूर येथे आहेत. तरीही सर्वसामान्यांना ही सेना ठाऊक आहे ती कपिल देव आणि धोनी यांच्या मानद हुद्द्यांमुळे.

पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्या तरुणाला देशप्रेमाचे धडे देण्याची गरज नाही. त्याला अडवते ती रजा. खासगी कंपनीत चार दिवसांच्या सुट्टीसाठी साहेबापुढे उभे राहावे लागते, तिथे महिनाभराचे शिबिर कोण मंजूर करणार? लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या कर्मचाऱ्याला परतल्यावर कामावर घेण्याचे बंधन कायद्यात आहे. मात्र ते किती मालकांना माहीत आहे आणि कोण तपासतो? शहरी तुकड्यांना शनिवार-रविवारी प्रशिक्षण देण्याची सोय आहे. ती नोकरदारांच्या या पट्ट्यातच सर्वाधिक उपयोगी पडेल.

यापेक्षा मोठी संधी दारात उभी आहे. २०२२ अखेर भरती झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ अखेर संपतात. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के लष्करात कायम होतील. उरलेले पंचविशीच्या आतबाहेरचे, शिस्तीत तयार झालेले तरुण घरी परततील. सेवानिधीची रक्कम आणि केंद्रीय पोलीस दलांतील आरक्षण यांची चर्चा भरपूर झाली. त्यांना राखीव दलात नोंदवून घेण्याची सक्तीची व्यवस्था मात्र अग्निवीर योजनेत नाही. लष्कराने खर्च करून घडवलेली माणसे सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत बसवायची आणि दुसरीकडे मनुष्यबळ अपुरे म्हणून ओरडायचे, हा कारभार शहाणपणाचा नाही.

हवाई बाजूची गोष्ट वेगळी नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी लष्कराचे स्वतंत्र हवाई दल, आर्मी एव्हिएशन कोअर, उभे राहिले. त्याचे वैमानिक सह्याद्रीपलीकडे नाशिकरोडच्या प्रशिक्षण केंद्रात घडतात. कॅप्टन अभिलाषा बराक या २०२२ मध्ये लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्या तिथूनच. पण हे दल पूर्णतः नियमित सेनेचे आहे, तर प्रादेशिक सेनेला पंख नाहीत. अमेरिकेत नॅशनल गार्डचे अर्धवेळ सैनिकच ब्लॅक हॉक चालवतात आणि पुरात राज्याचा गव्हर्नर त्यांना थेट बोलावू शकतो. आपल्याकडे तशी घडी लगेच बसणार नाही. हेलिकॉप्टर कुठे उतरेल, याची आखणी तरी आधी व्हायला हवी.

पुरासारख्या आपत्तीत धावून जाणे हे लष्कराचे काम नव्हे, त्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (एनडीआरएफ) आहे, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात होते, नालासोपाऱ्याला रेल्वे ठप्प झाली आणि अडकलेल्या प्रवाशांना एनडीआरएफने बोटींतून काढले. पण या दलाच्या बटालियनचे मुख्यालय पुण्याजवळ सुदुंबरेला, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या मूळ तुकड्या धुळे आणि नागपूरला. मदत येईपर्यंतचे पहिले काही तास गावातल्याच माणसांचे असतात. मिठागराची वाट, खाडीची भरती आणि कोणत्या आळीत पाणी आधी शिरते, हे बाहेरच्या तुकडीला नकाशावरून कळत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. परतणाऱ्या प्रत्येक अग्निवीराची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद घ्यावी आणि तो राहतो त्याच तालुक्यातील राखीव तुकडीत त्याला स्थान द्यावे. प्रादेशिक सेनेची एक शहरी कंपनी वसई-विरारसाठी मंजूर करावी. प्रशिक्षणाची रजा देणाऱ्या मालकांना करसवलत मिळावी आणि नाकारणाऱ्यांवर कारवाई व्हावी. महापालिका व जिल्हाधिकाऱ्यांनी हेलिकॉप्टर उतरण्यायोग्य मैदाने निश्चित करून ती अतिक्रमणमुक्त ठेवावीत. यातले शेवटचे काम दिल्लीच्या परवानगीवाचून, येत्या पावसाळ्याआधी होऊ शकते. सुरुवात तिथूनच व्हावी.