सर्व्हेनंतरचा भाव

सर्व्हे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सर्व्हे नंबर येतो, सातबारा येतो, तलाठी येतो. फार तर साखळी घेऊन बांध मोजणारा मोजणीदार. इंग्लंडात घर घेताना जो सर्व्हे करतात त्याचा यातल्या कशाशीही संबंध नाही. इथला सर्व्हेअर म्हणजे घराचा डॉक्टर. पैसे आपण द्यायचे, तपासणी दुसऱ्याच्या घराची करून घ्यायची, आणि पन्नासेक पानांचा रिपोर्ट आला की त्यातले लाल शेरे वाचून रात्रभर जागायचं. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला तर ही जागरणं ठरलेलीच!

गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या तीन मराठी घरांनी इथे पहिलं घर घेतलं. त्यातले एक आम्ही. तिन्ही घरांत रिपोर्ट आल्यावर एकच वाद झाला: आता किंमत कमी करून मागायची की नाही? सल्लागारांचे दोन तट. एक तट म्हणतो, ऑफर दिलीत, त्यांनी मान्य केली, आता मागे फिरणं बरं दिसत नाही. दुसरा म्हणतो, रिपोर्ट हातात आलाय ना, मग दहा-पंधरा हजार पाडल्याशिवाय सोडू नका. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी शब्दाचं बघू. साताऱ्याचे आमचे मामा पहिल्या तटातले. फोनवर म्हणाले, "अगं, शब्द दिला की दिला. चार विटा ओल्या निघाल्या म्हणून माणसं मागं फिरतात होय?" मामांनी आयुष्यात जे व्यवहार केले ते शब्दावर केले, त्यामुळे त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. पण मामा, तुमच्या शब्दामागे इसार असायचा. इंग्लंडात ऑफर मान्य झाली तरी इसार नसतो. सगळी पत्रं 'कराराच्या अधीन' असं लिहूनच येतात. दोन्हीकडचे सॉलिसिटर करारांची अदलाबदल करतात, आपण साधारण दहा टक्के रक्कम भरतो, तेव्हा कुठे व्यवहार बांधला जातो. तोवर दोन-तीन महिने सहज जातात. त्या काळात विकणारा जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्याकडे वळू शकतो, घेणारा सोडून जाऊ शकतो, आणि कायदा कोणालाच काही म्हणत नाही. सर्व्हे याच मोकळ्या काळात करायचा असतो. म्हणजे ऑफरीतला शब्द मुळातच 'तपासून बघतो, मग पक्कं' असा आहे, आणि हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आणि आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो, पण त्याआधी बैलाचे दात बघतात, त्याला चालवून बघतात. इथे भाव आधी ठरतो आणि दात नंतर बघायचे असतात. उलटी रीत आहे, पण म्हणून दात बघू नयेत असं नाही.

आता दुसरा तट, 'पाडून घ्या'वाला. त्यांच्यासाठी आमच्या घराचा हिशेबच मांडते.

रेडिंगमधलं १९०४ सालचं ओळीतलं घर. लाल विटा, पाटीच्या दगडाचं छप्पर, मागे चिंचोळी बाग. ३ लाख ६५ हजार पौंडांची आमची ऑफर मान्य झाली होती. बँकेचा माणूस किंमत ठरवून गेला होता. (तो आला की बरेच जण वेगळा सर्व्हे करत नाहीत. पण तो बँकेसाठी येतो. कर्ज बुडालं तर घर विकून आपले पैसे निघतील का, एवढंच बँकेला हवं असतं. कधीकधी तर तो येतही नाही, संगणकावरच किंमत काढतो.) इथल्या सर्व्हेअरांची शाही संस्था तीन पातळ्यांचे सर्व्हे सांगते. जुन्या घराला तिसरी पातळी बरी, म्हणून आम्ही ती घेतली. नऊशे पौंड गेले.

रिपोर्टात घराच्या प्रत्येक भागाला एक, दोन किंवा तीन आकडा असतो. तीन म्हणजे लाल, ताबडतोब बघा. आमच्या रिपोर्टात सहा लाल होते: बॉयलर, मागच्या खिडक्या, ओल, वायरिंग, छप्पर आणि चिमणी. 'पाडून घ्या'वाल्यांच्या हिशेबाने सहाच्या सहा लावून घसघशीत आकडा फेकायचा. पण बॉयलर सतरा वर्षांचा आहे हे त्याच्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, घर बघायला गेलो तेव्हाच ते वाचलं होतं. खिडक्यांच्या चौकटी कुजल्यात हे नखाने दाबून बघितलं होतं. ऑफरीचा आकडा ठरवताना या दोन्ही गोष्टी डोक्यात होत्या. एकदा किमतीत धरलेली गोष्ट रिपोर्टात लाल रंगात आली म्हणून पुन्हा वसूल करायची, याला मी घासाघीस म्हणणार नाही. ही लबाडी झाली. मागायचं ते जे दिसलं नव्हतं त्याचंच.

ओलीचंही आम्ही काही मागितलं नाही. हा विषय इथे फार गाजतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. सर्व्हेअर भिंतीला दोन टोकांचं एक यंत्र लावतो. ते मुळात लाकडासाठी बनवलेलं. गिलाव्यावर, त्यात क्षार साठलेले असले तर, ते वाटेल तो आकडा दाखवतं. रिपोर्टात मग 'ओलीची तज्ज्ञाकडून तपासणी करावी' असं येतं. तज्ज्ञ म्हणजे बहुतेक वेळा भिंतीत रसायनाचं इंजेक्शन देणारी कंपनी, आणि ती तपासणी फुकट करते. फुकट तपासायला आलेला माणूस इंजेक्शनच विकायला आलेला असतो, हे सांगायला नकोच. आमच्याकडे कारण साधं होतं. जुन्या घरांच्या भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर ओल अडवणारा थर असतो. बाहेरची जमीन त्याच्याखाली किमान दोन विटा असावी लागते. मागे कोणीतरी हौसेने फरशी घातली आणि ती थराच्याही वर गेली. फरशी उचलायची, माती खणून काढायची आणि भिंत सुकू द्यायची. नवरा आणि त्याचे दोन मित्र, दोन शनिवार. कोकणात आजोळ असलेल्या बाईने एवढ्या ओलीला घाबरायचं म्हणजे जरा अतीच :-)

खरी भानगड चिमणीची निघाली. या घरांत प्रत्येक खोलीला शेकोटी असायची आणि तिचं विटांचं धुराडं भिंतीला धरून थेट छपरापर्यंत जायचं. आमच्या घरात तळमजल्यावरचा धुराड्याचा भाग कोणे एके काळी काढून टाकलेला, खोली मोठी व्हावी म्हणून. पण वरच्या बेडरूममधला आणि छपराबाहेरचा भाग तसाच ठेवलेला. म्हणजे टनावारी विटा वर, आणि खाली काय? ते कोणालाच माहीत नव्हतं. नगरपालिकेचं बांधकाम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र नव्हतं. आम्ही साडेचारशे पौंड देऊन इंजिनिअर आणला. घरमालकीण बाईंची परवानगी घेऊन त्याने छताला वहीच्या पानाएवढं भोक पाडलं. आत लोखंडाची तुळई नव्हती, विटांचा भार नुसत्या लाकडी वाशांवर होता.

यावर पलीकडच्या सॉलिसिटरचं पहिलं उत्तर आलं, की आम्ही विमा काढून देतो. पहिलं घर घेणारी मंडळी इथे नक्की फसतात. हा विमा कशाचा असतो? नगरपालिकेने विनापरवाना कामाबद्दल कारवाई केली तर त्या खर्चाचा. विटा डोक्यात पडल्या तर त्याचा नाही. कागद दुरुस्त होतो, घर होत नाही.

आम्ही तिन्ही कामांची लेखी अंदाजपत्रकं घेतली. चिमणीला तुळई ३४०० पौंड, छपराच्या निसटलेल्या पाट्या आणि शिशाचे पत्रे १९०० पौंड, विजेचा नवा बोर्ड १०००. एकूण ६३०० पौंड. एजंटला पत्र लिहिलं, सोबत रिपोर्टची तेवढीच पानं आणि अंदाजपत्रकं जोडली. पत्रात 'घर आम्हाला हवंच आहे' हेही लिहिलं. नवऱ्याला ते पडतं घेणं वाटलं. मला नाही वाटलं. हवं आहे म्हणूनच तर मागतोय.

एजंटने फोन करून सांगितलं की बाई ऐंशीच्या आहेत, नवऱ्याने स्वतः केलेलं काम आहे ते, त्यांना वाईट वाटलं. ऐकून मलाही वाईट वाटलं. पण एजंट विकणाऱ्याचा असतो, त्याचं कमिशन तिथून येतं, आणि वाईट वाटल्याने तुळई येत नाही. शिवाय एक गोष्ट त्यालाही माहीत होती. असा गंभीर दोष एकदा एजंटला कळला की पुढच्या गिऱ्हाइकापासून लपवण्याची कायद्याने सोय नाही. लपवलाच, तरी पुढचा सर्व्हेअर त्याच खोलीत उभा राहून त्याच छताकडे बघणार. आठवड्याभराने ५००० वर जमलं. आम्ही लगेच हो म्हटलं. उरलेल्या तेराशेसाठी ओढत बसलो नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते ऐका. पाच हजार कमी झाले म्हणजे पाच हजार हातात आले नाहीत! आमचं कर्ज किमतीच्या नव्वद टक्के. किंमत ३ लाख ६० हजार झाली, तर आमच्या खिशातला वाटा ३६,५०० चा ३६,००० झाला. पहिलं घर घेणाऱ्याला सध्या तीन लाखांपर्यंत स्टँप ड्यूटी नाही, त्यापुढे पाच लाखांपर्यंतच्या घराला वरच्या रकमेवर पाच टक्के. ती ३२५० ची ३००० झाली. म्हणजे हातात राहिले साडेसातशे. बाकीचे साडेचार हजार कर्जातून कमी झाले, ते तीस वर्षांत महिन्याला थोडेथोडे जाणवतील. चिमणीवाल्याला मात्र रोख हवेत. ज्याने सगळी शिल्लक अनामत रकमेत घातली त्याला सूट मिळूनही घर दुरुस्त करता येत नाही. म्हणून सूट किती मिळाली याची फुशारकी मारण्याआधी दुरुस्तीचे पैसे वेगळे काढा. 'किंमत तीच ठेवू, रोख परत देतो' असं कोणी सुचवलं तर ते बँकेला सांगावं लागतं, गुपचूप करायचं नसतं. आणि 'आम्हीच दुरुस्त करून देतो' हे मला नको वाटतं. जो घर सोडून चाललाय तो सगळ्यात स्वस्त गवंडी बोलावणार.

एका बाबतीत मात्र मामा शंभर टक्के बरोबर आहेत. करारांच्या अदलाबदलीच्या आदल्या दिवशी फोन करून 'दहा हजार कमी करा, नाहीतर आम्ही चाललो' म्हणणारे लोक इथे आहेत. समोरच्याने पुढचं घर ठरवलेलं असतं, सामान बांधलेलं असतं, त्याच्या मागेपुढे आणखी चार घरांची साखळी असते. इथे याला गझंडरिंग म्हणतात आणि कायदा त्याला अडवत नाही. रिपोर्ट महिनाभर फायलीत ठेवून शेवटच्या दिवशी बाहेर काढणारा माणूस माझ्या घरी जेवायला आलेला मला चालणार नाही. आमचा रिपोर्ट मंगळवारी आला, इंजिनिअर पुढच्या आठवड्यात, आणि अंदाजपत्रकं हातात पडली त्याच दिवशी पत्र गेलं.

खरं तर ही सगळी कटकट टळू शकते. स्कॉटलंडमध्ये २००८ च्या डिसेंबरपासून घर विकायला काढतानाच विकणाऱ्याला तपासणीचा रिपोर्ट द्यावा लागतो. घेणारा तो वाचून मगच ऑफर देतो, म्हणजे दात आधी, भाव नंतर. इंग्लंडनेही २००७ साली विकणाऱ्याकडून माहितीचं पाकीट घ्यायला सुरुवात केली होती, पण घराच्या तपासणीचा भाग त्यात सक्तीचा केलाच नाही, आणि २०१० साली ते पाकीटही बंद पडलं. त्यामुळे एकाच घरासाठी तीन गिऱ्हाइकं तीनदा सर्व्हेचे पैसे भरतात, आणि तीच चिमणी तीनदा सापडते. आमच्या आधीचं एक गिऱ्हाईक मध्येच सोडून गेलं होतं असं शेजारीण म्हणाली. का सोडलं ते तिला माहीत नव्हतं. मला अंदाज आहे.